उजवीकडे ओढणारे हात

मला माझ्याच हातांची भीती वाटायची, हे मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? आमच्या खाडीकाठच्या गावात मी म्हणजे मोठा ड्रायव्हर. तेवीस वर्षं मस्कतला ट्रेलर चालवला, गाडीला साधा ओरखडा नाही. असा माणूस परत येऊन म्हणणार, बाबांनो, मला माझी ही एवढीशी गाडी चालवायची भीती वाटते? लोक तोंडावर हसले नसते, पण मशिदीच्या पायरीवर महिनाभर विषय पुरला असता.

आलो तेव्हा सगळं हसण्यावारीच गेलं. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, स्टिअरिंग डावीकडे. इकडे सगळं उलट. जुनी गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी चावी घेऊन मी डाव्या दारावर जाऊन उभा राहिलो. बायको आधीच तिथं. "काय हो, मी चालवू काय?" म्हणाली. वळताना इंडिकेटर द्यायला गेलो की वायपर सुरू व्हायचा. कडकडीत उन्हात काच पुसत आमची वरात बाजारातून जायची. गिअर टाकायला उजवा हात जायचा आणि दारावर आपटायचा. बोटांची सालं निघाली. मुलगी मागच्या सीटवर पोट धरून हसायची.

ही मुलगी सतरा वर्षांची, आणि ती धावते. शर्यतीत धावते, जिल्ह्यात नंबर काढते. तिचं धावणं हा आमच्या घरातला नाजूक विषय. सराव रत्नागिरीच्या मैदानावर, सकाळी लवकर. आमच्या गावची पहिली एसटी तिथं पोचेपर्यंत बाकीच्या मुली घाम पुसून घरी निघालेल्या असतात. बायकोला हे धावणं मनापासून नकोच होतं. मी म्हटलं, मी नेतो, रोज नेतो. ती म्हणाली, "तुम्ही नेणार असाल तरच. ज्या दिवशी तुमची गाडी बंद, त्या दिवशी हिचं धावणं बंद." मी छाती पुढं काढून हो म्हटलं. त्यात घाबरण्यासारखं काय होतं? रस्ता वीस किलोमीटरचा, त्यावर मी तरुणपणी रिक्षा चालवलेली.

सुरुवातीच्या सकाळी छान गेल्या. ती पुढं माझ्या शेजारी बसायची आणि तोंडाचा पट्टा सुरू. एकदा विचारलं, "अब्बा, आम्ही मैदानावर कायम डावीकडेच वळत का धावतो? उलटं कधीच का नाही?" मी म्हटलं, सरांना विचार. तर सरांना विचारून झालेलं होतं. सर म्हणाले होते, कुणी म्हणतं काळीज डावीकडे असतं म्हणून, कुणी म्हणतं उजवा पाय जोरकस असतो म्हणून. खरं कारण कुणालाच धड ठाऊक नाही. मीही माझं ज्ञान पाजळलं. मस्कतला एक म्हातारा मेकॅनिक सांगायचा की पूर्वीचे घोडेस्वार डाव्या बाजूनं जायचे, म्हणजे तलवारीचा उजवा हात समोरून येणाऱ्याकडे राहायचा. ती रीत गोऱ्या साहेबानं आपल्याकडे आणली. खरं खोटं देव जाणे. पण एक गोष्ट मी स्वतः पाहिली होती. मक्केला उमऱ्याला गेलो तेव्हा काबा डाव्या हाताला ठेवून सात फेरे घातले, आणि तिकडच्या रस्त्यांवरच्या सर्कललाही मधला भाग डाव्या हाताला ठेवूनच वळतात. इकडे गणपतीपुळ्याला मी रिक्षानं भाविक न्यायचो, ते डोंगर उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालायचे, आणि आपल्या सर्कललाही मधला चौथरा उजव्या हाताला. "कुठल्याही बाजूनं फिरा," मी तिला म्हटलं, "सगळ्यांनी एकाच बाजूनं फिरलं म्हणजे झालं."

"आणि एखादाच उलटा फिरला तर?"

"त्याला धरून बडवायचा." दोघं हसलो.

मग एका सकाळी पंपावर थांबलो. पेट्रोल भरलं, पैसे दिले, गाडी रस्त्यावर घेतली. रस्ता रिकामा, चिटपाखरू नाही. मुलगी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. थोडं पुढं गेलो तर समोरून दुधाचा टेम्पो, थेट माझ्या अंगावर, दिवे मारत. मी कचकचीत शिवी हासडली. कोण हा बेअक्कल, चुकीच्या बाजूनं येतोय! आणि शिवी तोंडात असतानाच कळलं की चुकीच्या बाजूला मी आहे. पंपातून बाहेर पडून मी सरळ उजवीकडची बाजू धरली होती. गाडी डावीकडे खेचली. टेम्पो हॉर्न दाबून धरत घासून गेला. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, तरी मी काय म्हणालो असेन? "बघितलंस? कसे चालवतात लोक!"

तिनं फक्त मान हलवली आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला घेतली. मुलीशी मी खोटं बोललो होतो आणि ते पचलं, असं वाटून मला वर थोडं बरंही वाटलं. लाज वाटते आता.

त्या दिवसापासून भीतीनं जी मानगूट धरली, ती सोडेचना. जेवताना मी हातांकडे बघत बसायचो. हे माझेच हात, तेवीस वर्षं यांनी घर चालवलं, आणि आता हे मला न विचारता गाडी कुठं नेतील याचा भरवसा नाही. लोकांना वाटतं वर्दळीत भीती असते. छे! वर्दळीत पुढच्याच्या मागं जायचं, झालं. मला रिकामा रस्ता खायला उठायचा. रिकाम्या रस्त्यावर सांगणारं कुणी नसतं, तिथं हात आपल्या जुन्या बाजूला सरकतात. मी मग सगळं करून बघितलं. स्टिअरिंगवर डाव्या बाजूला लाल चिकटपट्टी लावली, घरी सांगितलं तडा गेलाय. वळण आलं की ओठांतल्या ओठांत "डावी, डावी, डावी" म्हणायचो. मुलीला वाटेल अब्बा दुवा पुटपुटतायत.

बायकोला सांगावं असं रोज ठरवायचो. पण सांगितलं की चावी जाणार, आणि चावीबरोबर पोरीचं धावणं. तिचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा आणि मी गप्प बसायचो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पोरीला शेजारी बसवून तिचा जीव या हातांत घेऊन निघायचो. बाप म्हणून याला काय म्हणावं, मला अजून कळलेलं नाही.

तशात तिच्या सरांचा फोन आला. मुलीचे पाय जड झालेत, म्हणाले, वेळ मागं पडतेय, मैदानावर येते ती दमलेलीच. घरी काही ताण आहे काय? मी तिला फैलावर घेतलं. मोबाइल बघत जागत असशील, म्हटलं, बाप पहाटे उठून ड्रायव्हरकी करतोय आणि तुला किंमत नाही. नको नको ते बोललो. ती खाली मान घालून ऐकत राहिली. हल्ली ती गाडीतही बोलायची नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. वय आहे, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

आणि मग तो मंगळवार. उजाडलं होतं, पण घाटीत अजून दव होतं. तिथं रस्ता दीड गाडीचा, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाच्या बुटक्या भिंती, म्हणजे आमचे गडगे, त्यामागं आंब्याच्या बागा. असल्या रस्त्यावर सगळेच मधून चालवतात; समोरून कुणी आलं की आपापल्या बाजूला व्हायचं. मी उतरत होतो. वळण घेतलं आणि समोर एसटी, रत्नागिरीहून सुटलेली सकाळची पहिली गाडी, चढ चढत येणारी.

डावीकडे घ्यायचं, हे मला ठाऊक होतं. त्या क्षणीही ठाऊक होतं. पण हातांनी डोक्याला विचारलंच नाही. त्यांनी गाडी उजवीकडे ओढली. एसटीवाल्यानं त्याच्या डावीकडे घेतली, म्हणजे आमच्या उजवीकडे. वाचायला म्हणून आम्ही दोघं एकाच गडग्याकडे धावलो. मुलगी किंचाळली, "डावी! अब्बा, डावी!" मी ब्रेकवर उभाच राहिलो. काचेत फक्त लाल रंग दिसत होता, बाकी काही नाही.

गाडी थांबली. दोन्ही गाड्यांच्या मध्ये एक वीत राहिली असेल. एसटी चढावर होती, सावकाश येत होती, म्हणून आम्ही आहोत. मुलीनं माझा दंड दोन्ही हातांनी धरून ठेवला होता आणि अजून स्वतःकडे, डाव्या बाजूला ओढत होती.

एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला. मीही उतरलो. आता हा आईबापावरून उद्धार करणार, करू दे, म्हटलं; दोन थोबाडीत मारल्या तरी चालतील. त्यानं माझ्या गाडीच्या उजवीकडे वळलेल्या चाकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चाचा, गल्फातून आलाव काय?"

मी मान हलवली.

"कवा आलाव?"

"आठ महिने झाले."

"माझा मोठा भाव दुबईत होता," तो म्हणाला. "आल्यावर त्यानं अशीच उलट्या बाजूला बाइक घातली." पुढं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. त्यानं हात पुढं केला. "चावी द्या. मी लावतो बाजूला."

तेवीस वर्षांत माझ्या गाडीची चावी मी कुणाला दिली नव्हती. मुकाट्यानं दिली. तो गाडी मागं घेत होता तेवढ्यात मी मुलीला म्हटलं, "आज पहिल्यांदाच झालं असं. कसं झालं कळलंच नाही बघ." एवढं होऊनही माझी जीभ खोटंच बोलली.

ती गडग्याला टेकून उभी होती. आवाज स्पष्ट होता. "पहिल्यांदा नाही झालं. पंपाच्या दिवशी पण झालं होतं. मला दिसत होतं."

ती तेवढ्यावर थांबली नाही.

"तुम्ही दुवा म्हणत नाही, डावी डावी म्हणता, ते पण ऐकू येतं. रोज वाटेत मी एकेक वळण मोजते. चुकलात तर ओढायचं म्हणून हात तयार ठेवते. आणि सकाळी परत जायचंय, या विचारानं मला झोपच लागत नाही."

"मग बोलली का नाहीस गं?" मी ओरडलोच.

"अम्मीनं धावणं बंद केलं असतं. आणि तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मला वाटत होतं भीती माझी एकट्याची आहे. माझ्यापासून डाव्या हाताला, हातभर अंतरावर बसून माझी पोर तीच भीती रोज गिळत होती, आणि तिचे पाय जड झाले म्हणून मी तिलाच झापलं होतं. मला रडू आलं. भर रस्त्यात, एसटीतली माणसं खिडक्यांतून बघत असताना, आलं. ती जवळ आली आणि म्हणाली, "चला ना अब्बा, लोक बघतायत."

ड्रायव्हरनं गाडी बागेच्या फाटकाशी लावून चावी परत दिली, आणि आम्ही त्याच्याच एसटीत बसलो, घराच्या दिशेनं. सराव गेला उडत. बायकोला आज सगळं सांगायचं, पंपापासून. ती चावी काढून घेईल आणि ते बरोबरच असेल. पण धावणं बंद होऊ द्यायचं नाही, हेही आजच. माझी बहीण रत्नागिरीत मैदानाजवळच राहते. मुलीला तिच्याकडे ठेवता आलं असतं, पहिल्या दिवसापासून ठेवता आलं असतं. मोठा ड्रायव्हर होतो ना मी, म्हणून सुचलं नाही.

हे सगळं कसं बोलायचं याची मनात जुळवाजुळव करत होतो, तोवर खांद्यावर भार आला. मुलीला झोप लागली होती. तोंड उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. खड्ड्यांतून गाडी आदळत होती तरी तिला पत्ता नव्हता.

आमचा थांबा आला. कंडक्टरबाईंनी घंटी मारली, गाडी उभी राहिली. मी हललो नाही. "चाचा, तुमचं गाव आलं," त्या म्हणाल्या.

मी हळूच खिशात हात घातला. "शेवटच्या थांब्यापर्यंत दोन तिकिटं द्या," म्हटलं, "आणि तिथून परत इथपर्यंतची दोन."