ओल्या गोणपाटाखाली

वहिनींचा फोन आला तेव्हा मी सुरतेत उधन्यातल्या एका कारखान्यात यंत्रमागाच्या पायाशी बसून गंजलेला नट सोडवत होतो. नट हटत नव्हता आणि फोन थांबत नव्हता. शेवटी पाना खाली टाकला, हात पुसले आणि फोन घेतला. "भाऊ, तुम्ही लवकर या... ह्या काही बोलीच नही ऱ्हायनात." विमलवहिनींचा आवाज इतका शांत होता की मला वाटलं, दादाचा खोकला वाढला असेल, दवाखान्यात न्यायचं असेल. मी गाडीला किक मारून त्याच्या नवागामच्या गाळ्यावर पोचलो, तर सुकलालदादा भट्टीपुढच्या लाकडी पाटावर भिंतीला टेकून बसलेला. डोळे मिटलेले. हातांना ओली काळी वाळू. शेजारी वहिनींनी आणलेल्या चहावर साय धरली होती. भट्टीत कोळसा भरलेला होता, पेटवलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय. पण गेली तीन-चार वर्षं मी त्याला जवळून बघत होतो, आणि तो कशानं गेला हे मला त्यांच्याहून जास्त ठाऊक होतं.

आम्ही दोघं अमळनेर तालुक्यातले, एकाच गावचे. तो माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. मी सुरतेला आलो तेव्हा पहिली रात्र त्याच्याच खोलीत काढली, आणि पहिली शिवीही त्याचीच खाल्ली. त्याच्या टमरेलाला हात लावला म्हणून. मी मागांचा फिटर झालो आणि तो ओतारी, धातू वितळवून साच्यात ओतणारा. तसं त्याच्या घरात कुणी हे काम केलेलं नव्हतं. वडील रेल्वेत रूळ बदलणाऱ्या टोळीत होते. दादा एका जुन्या भट्टीवर वाळू चाळायला लागला, शिकला आणि पुढे पत्र्याचा एक गाळा भाड्यानं घेऊन स्वतःची भट्टी घातली. आमची जोडी जमली ती अशी की माग मोडायचा आणि मी मोडका तुकडा घेऊन त्याच्याकडे जायचो. कंपनीचा नवा सुटा भाग महाग, शिवाय मिळायला वेळ. माग बंद म्हणजे मालकाचा जीव वर-खाली. दादा भंगारातलं पितळ, ॲल्युमिनियम वितळवून तसाच तुकडा दोन दिवसांत हातात ठेवायचा. उधना, लिंबायत, नवागाम... कुठल्या गल्लीत कुठला माग दादाच्या तुकड्यावर चालतो हे आम्ही चालता चालता एकमेकांना दाखवायचो. आवाजावरून. बायका रस्त्यानं जाताना आपल्या माहेरची माणसं ओळखतात, तसे.

त्याची एक पद्धत होती आणि ती मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. मोडक्या तुकड्याचाच साचा वाळूत घेतला तर नवा तुकडा बारीक येतो, कारण धातू थंड होताना आटतो. मोठे कारखाने त्यासाठी लाकडाचा वेगळा नमुना करतात. दादा मोडका तुकडा लाखेनं जोडायचा आणि त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवायचा, मागाच्या सुताला लावतात त्या खळीनं. कुठं एक थर, कुठं दोन. त्याचा अंगठाच त्याला सांगायचा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसलो. तो म्हणाला, "पोऱ्याले वाढता अंगना सदरा शिवतस ना, तसं शे हाई. फक्त उलटं. हाऊ पोऱ्या आटस." त्या कागदांच्या कडा वाळूत उमटायच्या आणि वाळूतून धातूवर. म्हणून दादाच्या प्रत्येक तुकड्यावर केसाएवढ्या बारीक रेघा असायच्या, आडव्यातिडव्या. मालक कुरकुरायचे, की घासून गुळगुळीत का करत नाही. तो घासायचा ती फक्त बसायची बाजू. बाकी रेघा तशाच. आळशीपणा आहे असं मी म्हणायचो, आणि तो पुढची पट्टी चिकटवायचा.

सगळं काही गोड होतं असं नाही. पितळ ओतताना पांढरा धूर निघतो आणि संध्याकाळी अंगात कणकण भरते. वहिनी गुळाचा खडा हातावर ठेवायच्या आणि चादर काढून द्यायच्या. सकाळी तो पुन्हा भट्टीवर. हातावर, पायावर ठिणग्यांचे डाग, जुने-नवे. पण दोन पोरींची लग्नं झाली, नवागामात एक खोली स्वतःची झाली, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि खाली बुद्धाची मूर्ती... ती मूर्तीही त्यानंच ओतलेली, जरा नाक बसकं आलेली. त्याच्या हातातून आयुष्यात बिघडलेली ती एकच वस्तू, असं वहिनी म्हणायच्या. तो म्हणायचा, नाक बसकं आलं म्हणून तर घरात राहिली, नाहीतर विकली गेली असती.

मग धोट्याचे माग, म्हणजे ज्यांत आडवं सूत लाकडी धोटा इकडून तिकडे नेतो ते, जायला लागले. नवे माग आले, ज्यांना धोटाच नाही. वेगानं चालतात, मोडले तर कंपनीचा माणूस पेटी घेऊन येतो. जुने माग एकेक करून भंगारात निघाले. माझं बरं होतं, कारण बसवायलाही फिटर लागतो आणि सोडवायलाही. मी सोडवायला लागलो. दादाचं मात्र कुठंच जमेना. माग गेला की त्याचा सुटा भाग कुणाला हवा? सुरुवातीला तो मानायलाच तयार नव्हता. काम नसतानाही तुकडे ओतून मांडणीवर लावून ठेवायचा, कुणीतरी येईलच म्हणून. मांडणी भरली. कुणी आलं नाही. मग त्यानं हॉटेलांसाठी ॲल्युमिनियमचे वाढायचे मोठे डाव केले, तर बाजारात यंत्रावरचे चकचकीत डाव निम्म्या किमतीत. दाराच्या कड्या केल्या, पुन्हा तेच. थंड पेयांचे डबे वितळवून बघितले. रंग जळून गाळा काळा झाला आणि कढईत राखच जास्त निघाली. एकदा कुणीतरी जुन्या बॅटऱ्या आणून टाकल्या. शिसं काढून दे, रोज काम देतो म्हणाला. दादानं एक खेप केली. चार दिवस पोट धरून पडला. वहिनींनी उरलेल्या बॅटऱ्या स्वतः ओढत नेऊन त्या माणसाच्या दारात ठेवल्या आणि परत आल्या. मी म्हटलं, दादा, सोड हे. पर्वत पाटियाच्या कापड मार्केटात गाठोडी उचलायचं, नाहीतर रखवालीचं काम बघू. तो म्हणाला, "भट्टी थंडी पडनी ते मी घर बशीसन काय करू? माले दुसरं काय येस?" त्याला खरंच दुसरं काही येत नव्हतं. साठीच्या जवळ आलेला माणूस, छातीत धूर भरलेला. त्याला रखवालीलाही कुणी उभं केलं नसतं, हे मलाही कळत होतं. उगाच बोललो.

त्यानंतरचा तो दिवस मी विसरू शकत नाही. एक भंगारवाला टेम्पो घेऊन आला, पितळाचा ढीग खाली ओतला. दादा नेहमीसारखा चुंबक फिरवत माल निवडायला बसला. लोखंड एकीकडे, पितळ एकीकडे. एक तुकडा हातात घेतला आणि थांबला. अंगठा त्यावरून फिरवला. मग दुसरा घेतला, तिसरा... सगळ्यांवर त्या बारीक रेघा. अख्खा ढीग त्याच्याच हातचा. कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातून निघालेला, कदाचित मीच सोडवलेल्या मागांमधून. भंगारवाला घाईत होता. "काका, भाव बोलो ने," तो म्हणाला. दादा म्हणाला, "हाऊ मना शे." भंगारवाल्याला वाटलं म्हातारा चोरीचा आळ घेतोय, तो तावातावानं पावती दाखवायला लागला. मी त्याला समजावून पाठवलं. दादानं माल घेतला, पण भट्टीत टाकला नाही. एका पोत्यात भरून पाटाखाली सरकवला. त्यानंतर जेव्हा जेव्हा भंगारात आपला तुकडा सापडे तेव्हा तो पोत्यात जाई. मला राग यायचा, खूप राग यायचा. घरात चूल पेटायची पंचाईत आणि हा माणूस विकत घेतलेलं पितळ पोत्यात भरून त्यावर बसतो. मी एकदा ओरडलोच, "दादा, पितळ ते पितळ शे. टाक भट्टीमा, मोकळा हो." तो म्हणाला, "टाकसू... आज नही."

गाळ्याच्या मालकाला तिथं एम्ब्रॉयडरीची यंत्रं बसवायची होती. भट्टी चालत नसेल तर गाळा सोड, असं तो आडून सुचवायचा, मग सरळ सांगायला लागला. म्हणून दादा नुसताच कोळसा पेटवून ठेवायचा. रस्त्यावरून धूर दिसावा म्हणून. रिकाम्या भट्टीचा धूर! मी आयुष्यात एवढी केविलवाणी गोष्ट पाहिली नाही. आणि पावसाळा संपता संपता एके सकाळी मी गेलो, तर पाटाखाली पोतं नव्हतं. भिंतीशी पितळाच्या विटा ओळीनं थंड होत होत्या. गुळगुळीत. "टाकी दिनं समदं," तो म्हणाला. चेहरा धुरानं काळा, फक्त डोळ्यांखाली दोन ओले पट्टे. विटा मीच गाडीवर घालून विकून आलो.

त्या भट्टीला शेवटचं काम आणलं ते काशिरामबाबांनी. नवागामातच राहत्या घरात त्यांचे दोन जुने माग होते, पूर्ण वस्तीत तेवढेच उरलेले. एका मागाचा, धोटा फेकणाऱ्या दांड्याच्या बुडाशी बसतो तो तळहाताएवढा पितळी तुकडा फुटला होता. बाबा स्वतः काठी टेकत आले. "सुकलाल, दोन माग शेतस मना. दोन्ही चालवना शेतस. एवढा तुकडा करी दे." एकच तुकडा. त्यात काय मिळणार होतं? पण दादा बदललाच. त्या आठवड्यात तो दाढी करून गाळ्यावर येत होता. मला फोन करून सांगितलं की वाळू नवी चाळली, खळ वहिनींकडून ताजी करून घेतली, आणि काशिरामबाबांचे माग चालले तर बघून आणखी कुणी जुने माग बाहेर काढेल. मी म्हटलं, हो दादा, काढेल. माझ्या गाडीवर तेव्हा सोडवलेल्या मागाची साखळी बांधलेली होती.

त्या दुपारी त्यानं साचा पूर्ण केला. कागद चिकटवलेला मोडका तुकडा वाळूतून अलगद काढून बाकावर ठेवला, वाळू भरलेल्या साच्याच्या पेटीचे दोन्ही भाग एकमेकांवर बसवले, धातू ओतायचं भोक मोकळं ठेवलं आणि वाळू सुकू नये म्हणून वर ओलं गोणपाट घातलं. मग भट्टीत कोळसा भरला आणि जरा टेकला. पुढचं मी सुरुवातीला सांगितलं आहे.

विहारातून भंतेजी आले, त्रिशरण झालं, पोरी आल्या आणि गेल्या. मालकानं दोन आठवडे थांबून गाळा मागितला. त्याला दोष देत नाही. भट्टीच्या विटा काढल्या, चुंबक, कढया, चिमटे ज्याला हवे त्याला दिले. पेटी मात्र वहिनी सोडेनात. मी ती रिक्षात मांडीवर घेऊन त्यांच्या घरी नेली, खड्डा आला की पेटी दोन्ही हातांनी उचलून धरायचो. आता ती बसक्या नाकाच्या बुद्धाच्या खाली, भिंतीशी ठेवली आहे. आतला आकार शाबूत आहे की त्या खड्ड्यांत ढासळला, हे पेटी उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि उघडली तर तो राहणार नाही.

दर रविवारी मी जातो. वहिनी रोज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी तांब्यात पाणी घेतात आणि हातानं गोणपाटावर शिंपडतात. "त्या म्हनेत, वाळू सुकनी का आकार पडस," असं दादाचं सांगतात, दर वेळी, जणू मी पहिल्यांदाच ऐकतोय. मग चहा देतात आणि विचारतात, "भाऊ, कोनी सापडना का भट्टीवाला? काशिरामबाबा वाट बघत व्हतीन."

मी म्हणतो, शोधतोय वहिनी. गेल्या महिन्यात काशिरामबाबांचे दोन्ही माग त्यांच्या मुलानं भंगारात काढले. सोडवायला मलाच बोलावलं होतं. वहिनींना मी अजून सांगितलेलं नाही. मागच्या रविवारी त्यांचे गुडघे दुखत होते, उठवत नव्हतं, तर तांब्या माझ्या हातात दिला. मी खाली बसलो आणि गोणपाट ओलं केलं.