निखिलचे सुती थर्मल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, निखिलला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तर चांगला माणूस म्हणूनच ओळखत असाल. तेच तर दुखणं आहे.

अमेरिकेत, ॲन आर्बरला येऊन मला एकवीस वर्षं झाली. दर नोव्हेंबरात मी ऑफिसातल्या मंडळींबरोबर उत्तरेकडच्या जंगलात हरणाच्या शिकारीला जातो. हसू नका. आमच्या घरी अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात उकडायचे. पण माझा बॉस डेल एकदा "चल" म्हणाला, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यातला झालो. सकाळी झाडीत त्याच्या शेजारी बसायची जागा माझी. ती मिळवायला किती वर्षं दात काढून हसावं लागलं, ते माझं मला ठाऊक.

कपड्यांचं शास्त्र डेलनंच शिकवलं. अंगाला लागून मेरिनो लोकर, तीही नीट घट्ट बसणारी. बाकीचं सगळं त्यावर. चालताना घाम येतो आणि मग चार-चार तास हलायचं नसतं. लोकर ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही. सुती कपडा मात्र घाम पितो आणि गारठून अंगाला चिकटतो. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत या विषयावर मी अर्धा-अर्धा तास प्रवचन झोडलंय. मुलं स्कीइंगला निघाली की त्यांच्या आया मलाच विचारायच्या.

मग आमच्या टीममध्ये निखिल आला. नागपूरचा, सत्तावीस वर्षांचा. हुशार, हसरा, आणि — सांगूनच टाकतो — आल्यापासून महिन्याभरातच डेलला माझ्यापेक्षा जास्त आवडलेला. त्या नोव्हेंबरात डेल म्हणाला, "यंदा निखिल माझ्याजवळ बसेल, नुसतं बघू दे त्याला. काय घालायचं ते तू त्याला सांग."

मी सांगायचं!

निखिल आपण होऊनच विचारायला आला. "दादा, आईनं आतून घालायला थर्मल दिलेत, प्युअर कॉटन आहेत. मेरिनो वगैरे ऑर्डर करू, की हेच चालतील?" इतकं नेमकं विचारलं होतं हो त्यानं. मी स्क्रीनवरची नजरही न काढता म्हणालो, "चालतील रे. मस्त."

विसरलो होतो का? नाही. घाईत होतो? नाही. मला वाटलं, तासाभरात कुडकुडत गाडीत येऊन बसेल, चार लोक हसतील, आणि जागा परत माझी. एवढंच. पण एवढंच म्हणजे केवढं?

तो आला नाही. डेल एका जखमी हरणाच्या मागावर गेला, आणि निखिल तिथंच बसून राहिला — घामानं भिजलेल्या सुती कपड्यांत, सुती मोज्यांत. कच्चा दिसायला नको म्हणून. अशी लाज मला ठाऊक नव्हती का? तिच्यावरच तर मी इथं जगलोय.

डेल परतला तेव्हा निखिलचं बोलणं बोबडं झालं होतं. कुडकुडणंही थांबलं होतं, आणि ते थांबणं वाईट, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. गाडीत त्याचे ओले थर्मल मीच ओरबाडून काढले. माझ्या बॅगेत मेरिनोचा एक कोरडा जोड जादा होता — होय, घरून निघाल्यापासून होता — तो त्याला चढवला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कोरडे कपडे घातलेत म्हणून निभावलं. डाव्या पायाची दोन बोटं मात्र गेली.

आणि मी हिरो झालो. डेलनं ऑफिसभर सांगितलं. निखिलनं मिठी मारली. पुढच्या नोव्हेंबरात माझी जागा मला परत मिळाली, आणि मी तिथं जाऊन बसलो.

निखिल आता टेक्ससला असतो. "मला थंडी सोसतच नाही, दादा," म्हणतो. दोष स्वतःच्या अंगाला देतो.

गेल्या वर्षी नागपूरला त्याच्या घरी गेलो होतो. त्याच्या आईनं माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली आणि रडायलाच लागली. "भाऊ, ते थर्मल मीच हट्टानं दिले होते. दहा दुकानं हिंडून, हात लावून-लावून निवडले. आपल्याकडचा कापूस म्हणून. माझ्या हातानंच पोराचा पाय अधू झाला. तुम्ही होते म्हणून जीव तरी वाचला."

'त्यानं मला विचारलं होतं' — माझ्याकडून एवढं एकच वाक्य तिला हवं होतं. मी म्हणालो, "ताई, मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला कसं माहीत असणार?"

"हो ना," ती डोळे पुसत म्हणाली, "कुणी सांगितलंच नाही." मी पोहे संपवले. तिनं आणखी वाढले, तेही खाल्ले.