साहेब मासा निवडतात

पवनानगरच्या मासेवाल्या मावशींच्या नवऱ्याला गेल्या होळीच्या आदल्या दिवशी शिक्षा झाली. गुन्हा काय, तर फार्महाऊसवरची पाण्याची मोटर चोरली. पुढे तीच मोटर दुसऱ्याच माणसाकडे सापडली, त्याने कोर्टात कबुलीही दिली. तरी मावशींचा नवरा आतच आहे.

ज्यांनी ही शिक्षा मिळवली ते सरकारी वकील दर रविवारी मावशींकडेच मासे घेतात. त्यांचं नाव लिहीत नाही. त्या खुर्चीत दुसरे कोणी आले तरी वागणं हेच असतं. मी आमच्या संघटनेची पत्रकं वाटायला बाजारात गेलो होतो तेव्हा साहेब गॉगल कपाळावर चढवून एकेका माशाचे कल्ले उघडत होते, पोट दाबत होते, वास घेत होते.

"खात्री केल्याशिवाय मी काही घेत नाही," त्यांनी मलाच ऐकवलं.

मावशींचा हात थांबला. "सायेब, माशाचं एवढं बघता, मग त्या दुसऱ्याचा जबाब बी वाचा की! आमच्या मालकांच्या सुटकेचा अर्ज दिवाळीपास्नं तुमच्याकडं पडलाय."

साहेब हसले. "मावशी, निकाल लागलाय. असं एकेकाचं तपासत बसलो, तर तुरुंगात राहणार कोण?"

"चोर ऱ्हातील की!"

साहेब पिशवी घेऊन गाडीत बसले. शिक्षा मिळवणाऱ्यालाच चूक शोधायला बसवायचं, ही आपली व्यवस्था. त्याला ती सापडेल कशी?

वाचकहो, हळहळ नको. सोमवारी वडगावच्या कोर्टात या, साहेबांना गाठा आणि एवढंच विचारा, "तो जबाब वाचलात का?" उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका.