मढ्यांचा पूल

नकाशांच्या कचेरीत तिला सगळे ट्रेसरबाई म्हणायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते नाव सुटलं नव्हतं. मोजणीदार बाहेरून कच्चे नकाशे आणायचे आणि ही ते पारदर्शक कापडावर शाईने गिरवायची. नद्या, वाटा, विहिरी, आणि शेवटी नावं. घामाचा डाग पडू नये म्हणून तळहातांना पावडर लावायची, वेलांटी काढताना श्वास रोखायची. एकतीस वर्षांत हजारो गावांची नावं तिच्या हातून गेली. त्यातलं एकही तिने पाहिलं नव्हतं.

सहलीचा घाट घातला तो तिच्या नणंदेने. नणंद शिवणाचा क्लास चालवायची आणि बोलायला लागली की तिच्या मशीनसारखीच थांबायची नाही. भयाण नावांच्या जुन्या जागा दाखवणारी एक दिवसाची बस निघते, असं तिला कळलं होतं.

"वहिनी, चला. घरात बसून काय अंडी उबवायचीत?"

"वन्सं, भुतंखेतं बघायचं वय आहे का आपलं?"

"हेच वय. थोड्या दिवसांनी त्यांच्यातच जायचंय, ओळख करून घेऊ."

सकाळ मजेत गेली. फाशीच्या चौथऱ्यावर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. रडक्या बुरुजाला भोकं होती आणि वारा शिरला की हुंदका दिल्यासारखा आवाज यायचा. नणंदेने त्याच्या सुरात सूर मिसळून असा गळा काढला, की अख्खी बस पोट धरून हसली. ट्रेसरबाईसुद्धा.

उन्हं उतरताना बस तिसऱ्या ठिकाणी पोचली. नदीवर एक जुना दगडी पूल. इतका अरुंद, की समोरून कुणी आलं तर एकाने अंग चोरून कठड्याला टेकावं. रस्त्याच्या कडेला पाटी होती : मढ्यांचा पूल.

गाइडने घसा खाकरला. "साथीच्या वर्षी गावातली सगळी मढी याच पुलावरून पलीकडे नेली. म्हणून हे नाव."

"खोटं आहे ते," मागून आवाज आला.

पुलाच्या टोकाला एक बुटकं कौलारू घर होतं. त्याच्या पायरीवर बसून एक म्हातारी भांडी घासत होती. गाइड तिला ओळखत असावा. तो लोकांना घेऊन पाण्याकडे उतरला. ट्रेसरबाई मात्र तिथेच थांबली.

"मग खरं काय, आजी?"

"मेंढ्यांचा पूल होता हा. रुंदी बघा की. एकेक मेंढी जाते, म्हणून मोजायला सोपं. माझ्या सासऱ्यांनी जन्मभर इथे मेंढ्या मोजल्या. मग तो नकाशा आला. नकाशावरून पाटी लागली. आम्ही सांगून सांगून थकलो, पण नकाशात असंच आहे म्हणाले. पोराला शाळेत मढ्या म्हणायला लागले. आठवीत असताना घर सोडून मामाकडे गेला तो गेलाच. मेंढ्याही या वाटेला येईनात."

"कधीची गोष्ट ही?"

म्हातारीने साल सांगितलं. ट्रेसरबाई तिथेच पायरीवर टेकली.

ते साल ती कशी विसरेल. त्या वर्षी तिचा नवरा गेला. जेवता जेवता छातीत कळ आली आणि तिथेच संपला. दोन माणसांनी त्याला स्ट्रेचरवरून जिन्याने खाली नेलं, एक पुढे, एक मागे. जिना अरुंद होता. मधल्या वळणावर पुढचा म्हणाला, "जरा टेकू दे." पंधराव्या दिवशी ती कामावर हजर झाली. समोर नदीकाठचा नकाशा होता. मेंढ्यांचा पूल. एक मात्रा आणि तिच्यावरचं टिंब, एवढंच तर राहिलं होतं. एरवी पात्याने खरवडून दुरुस्त केलं असतं. पण तिला ते दिसलंच नाही, आणि तपासणाऱ्या साहेबांनी कीव येऊन न वाचताच सही केली होती.

"आजी, ते नाव माझ्या हातचं आहे," ती म्हणाली. "मी चुकले."

म्हातारीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. तिने हिच्या बोटांकडे पाहिलं.

"नाव चुकलं असेल, बाई," ती म्हणाली. "पण पाटी लागल्यापासून दिवेलागणीला कुणीतरी जातं पुलावरून. पावलं खरीच आहेत ती. थांबा जरा, वेळ झालीच आहे."

एवढ्यात नणंद हिला शोधत वर आली. "वहिनी, बस सुटेल, काय पंगत मांडून बसलात?"

आणि ती बोलता बोलता थांबली.

पूल रिकामा होता. अलीकडच्या टोकाकडून पावलं येत होती. दोघांची, जड, एकमेकांना सांभाळत टाकलेली. हातात काहीतरी वजनदार असल्यासारखी. मध्यावर पावलं थांबली. चार-सहा श्वास काहीच नाही. मग दगडावरून काहीतरी उचलल्याचा आवाज आला आणि पावलं पलीकडे निघून गेली.

नणंदेने हिचा दंड घट्ट धरला होता. परतीच्या बसमध्येही तिने तो सोडला नाही. शहराचे दिवे दिसायला लागले तेव्हा हिने तिला नावाचं सगळं सांगितलं. नणंदेने ऐकून घेतलं आणि खिडकीकडे तोंड करून विचारलं, "दादाला नेलं तेव्हा जिन्यात मीही उभी होते ना, वहिनी? वळणावर?"

"होतात."

"मग मला जे वाटलं ते तुम्हालाही वाटलं."

पुन्हा तो विषय दोघींनी काढला नाही.

दुसऱ्या आठवड्यात ट्रेसरबाई कचेरीत गेली. तिने जुना कच्चा नकाशा काढायला लावला. मोजणीदाराच्या अक्षरात 'मेंढ्यांचा' स्पष्ट होतं. तिने स्वतःची चूक लेखी दिली. तिच्या जागी आता संगणकावर काम करणारी मुलगी म्हणाली, "बाई, एवढ्या जुन्या गोष्टीचं कशाला मनाला लावून घेता?" पण तिने दुरुस्ती केली. तीन महिन्यांनी पाटी बदलली. बसवाल्यांनी मात्र जुनंच नाव ठेवलं. मेंढ्या बघायला कोण येणार, असं त्यांचं म्हणणं.

गाइडकरवी पत्ता काढून ट्रेसरबाईने म्हातारीच्या मुलालाही पत्र लिहिलं. तो आता पन्नाशीचा होता, लांबच्या गावी लोहारकाम करत होता. उत्तर आलं नाही. पण महिन्याभराने तो स्वतःच आईकडे आला. नव्या पाटीपुढे उभा राहिला, अक्षरांवरून बोट फिरवलं, दोन दिवस राहिला आणि छपराची फुटकी कौलं बदलून गेला. पत्राबद्दल आईला काही बोलला नाही. जाताना, पुन्हा येतो, म्हणाला.

हे ऐकायला मिळालं ते ट्रेसरबाई दुसऱ्यांदा तिथे गेली तेव्हा. या वेळी एकटीच, साध्या बसने.

"आणि ती पावलं?" तिने विचारलं.

"येतात की. त्यांना कुठे वाचता येतं?"

दिवेलागणीला ट्रेसरबाई उठली आणि पुलावर गेली. म्हातारीने अडवलं नाही. मध्यावर पोचली तेव्हा मागून पावलं आली. तिने वळून पाहिलं नाही. अंग चोरून कठड्याला टेकली आणि वाट दिली. पावलं तिच्याजवळ येऊन थांबली. पाठीमागचा दगड उन्हाने तापलेला होता, तरी समोरून गार हवा तिच्या चेहऱ्याला लागली. कुणीतरी दमून श्वास घेत होतं.

"टेका जरा," ती हळूच म्हणाली. "घाई नाही."

मागच्या वेळेपेक्षा जरा जास्त वेळ पावलं थांबली. मग निघाली.

ट्रेसरबाई परत आली तेव्हा म्हातारीने कंदील लावला होता.

"गेले?"

"गेले."

म्हातारीने सरकून तिला पायरीवर जागा करून दिली. शेवटच्या बसला अजून तासभर अवकाश होता.