शो-डेआधी लावलेले टोमॅटो

एल्वा स्पॉल्डिंगने सप्टेंबरच्या मध्यावरच टोमॅटोची रोपं अंगणातल्या वाफ्यात लावून टाकली आणि आमच्या इमारतीत तिला कुणी एक शब्द बोललं नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं. सगळे गप्प बसले, तेव्हाच मी समजले की प्रकरण साधं नाही.

होबार्टमध्ये हिवाळा सरतो तो सप्टेंबरात, आणि इथे शेंबडं पोरही सांगेल की शो-डेच्या आधी टोमॅटो बाहेर लावायचा नसतो. ऑक्टोबरच्या अखेरीस शेतकी प्रदर्शन भरतं, त्या गुरुवारी गावाला सुट्टी असते, तोच शो-डे. निम्मं गाव प्रदर्शनात बक्षिसाच्या मेंढ्या बघत फिरतं आणि उरलेलं निम्मं गुडघ्यांवर बसून मातीत हात घालतं. त्याआधी घाई केली की डोंगरावरून थंडी उतरते आणि सकाळी रोप काळंठिक्कर. आमच्या इमारतीत हा नियम चालवायची ती एल्वा. एका वर्षी तळमजल्यावर नवीन डॉक्टर राहायला आला होता. त्याने हौसेने आठवडाभर आधीच कुंडीत रोपं लावली, तर ही त्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "पेशंटांनाही असंच घाईने पुरतोस काय रे?" बिचाऱ्याने त्याच दुपारी कुंडी आत घेतली.

अशी ही बाई.

तिचा जन्म ह्युऑन खोऱ्यातला, सफरचंदांच्या बागांमधला. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ती फळं कागदात गुंडाळून पेट्या भरायला लागली. पुढे लग्न, जस्ताच्या कारखान्यातला नवरा, एक मुलगी, मागे परस असलेलं छोटं घर. नवरा रॉन छातीच्या दुखण्याने गेला, घर विकावं लागलं आणि एल्वा न्यू टाउनमधल्या आमच्या तीन मजली विटांच्या इमारतीत आली. पहिला हिवाळाभर ती कुणाशी बोलली नाही. "कबुतरखाना आहे हा," एवढंच एकदा जिन्यात म्हणाली. मी समोरच्या फ्लॅटमध्ये आधीपासून होते. मला वाटलं, ही सहा महिन्यांत जाणार.

पण वसंत आला आणि तिला राहवेना. कमिटीचा नियम होता की अंगणात काही पेरायचं नाही, गॅलरीच्या कठड्याला काही टांगायचं नाही. एल्वाने कुणाला न विचारता मागच्या भिंतीलगतची फरशी उचकटली आणि तिथे वाफा केला. कमिटीचे लोक आले तेव्हा तिने त्यांना चहा आणि गरम स्कोन दिले आणि विचारलं, "नियम कुणी केला?" कुणालाच आठवेना. "मग मोडला तरी कुणाला कळणार आहे?"

तिथून सगळं सुरू झालं. सप्टेंबरचा पहिला शनिवार आला की ती जिन्यात घंटा वाजवत फिरायची. सगळ्यांनी दारं-खिडक्या सताड उघडायच्या, गाद्या-गालिचे बाहेर काढायचे, हिवाळ्याचा कुबट वास घालवायचा. नको असलेली वस्तू अंगणातल्या टेबलावर ठेवायची, हवी ती उचलायची. तिथे कपडे वाळत घालायची मोठी लोखंडी फिरती छत्री आहे. तिच्यावर चादरी टाकून मुलांसाठी तंबू करायचा, त्यात त्यांनी दुपारभर गोंधळ घालायचा. दुधाच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या डब्यांवर रंग फासून त्यांच्या कुंड्या करायच्या. इथे ऊन उत्तरेकडून येतं, म्हणून गॅलरी उत्तरेला असेल त्याने टोमॅटो लावायचा, दक्षिणेला असेल त्याने पालेभाजी लावावी आणि नशिबाला दोष देऊ नये. यात खर्च शून्य. मी अनेक इमारतींत राहिले आहे. शेजाऱ्याचं नाव त्याच्या टपालावरून कळायचं, असल्या त्या इमारती. इथे मला प्रत्येकाच्या गालिच्याचा रंग ठाऊक आहे.

आणि या सगळ्याचा शेवट शो-डेला. त्या दिवशी एल्वा आपल्या खिडकीत वाढवलेली रोपं घेऊन खाली यायची, प्रत्येक घराला एक द्यायची, उरलेली वाफ्यात लावायची. बी तिच्या बापाच्या बागेतलं. फळ मोठं, बैलाच्या काळजाच्या आकाराचं, आणि झाड असं की पानं कायम मान टाकलेली. "माझे टोमॅटो जन्मतःच मयताला आल्यासारखे दिसतात," ती म्हणायची, "पण चव बघा."

गेल्या ऑगस्टमध्ये तिने शेगडीवर पातेलं ठेवलं आणि ती दुकानात निघून गेली. धूर झाला, भोंगा वाजला, बंब आला. आग लागली नाही, पण तिची मुलगी लिनेट लॉन्सेस्टनहून धावत आली. लिनेट वाईट नाही, हे मी आधीच सांगते. शाळेच्या कचेरीत नोकरी करते, दोन मोठी मुलं, आणि आईपासून अडीच तासांवर. तिने लॉन्सेस्टनला वृद्धाश्रमात एक जागा बघून ठेवली होती. ते लोक शो-डेनंतर थांबायला तयार नव्हते.

"आई, मी शो-डेला येते," जिन्यातच तिने सांगितलं. "तोपर्यंत पुन्हा असं काही झालं नाही तर राहा इथे. झालं तर चल माझ्याबरोबर. मंजूर?"

"पातेल्यावरून माणसाची परीक्षा घेतात काय?" एल्वा म्हणाली. पण तिने मान डोलावली.

आणि मग सप्टेंबरमधल्या एका उबदार सकाळी मी कपडे वाळत घालायला खाली गेले, तर एल्वा वाफ्यात गुडघ्यांवर. सगळी रोपं लावून झालेली. डोंगराच्या माथ्यावर बर्फ स्पष्ट दिसत होता. मी तिच्याकडे बघत उभी राहिले.

"काय गं, भूत बघितल्यासारखी काय बघतेस?" ती म्हणाली. "शो-डेला पाऊस न पडणं म्हणजे नवलच, नाही का?"

मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी मी तळमजल्यावरच्या कॉलिनकडे गेले. कॉलिन निवृत्त बसड्रायव्हर, तोंडाने फाटका, पण एल्वाचा उजवा हात. दुसऱ्या मजल्यावरची मनमायाही तिथे होती. ती भूतानच्या नेपाळी निर्वासितांपैकी, इस्पितळात सफाईचं काम करते. होबार्टला आली तेव्हा एल्वाने तिला इंग्रजी शिकवलं, तेही रोपांची नावं सांगून. त्यामुळे मनमायाला बँकेत बोलता येण्याआधी खताबद्दल बोलता यायला लागलं.

"लिनेटला फोन करायला हवा," मी म्हटलं.

"कशाला? टोमॅटोसाठी?" कॉलिन उसळला. "सांगणार काय? तुझ्या आईने लवकर बागकाम केलं, धरून न्या?"

"ढोंग करू नकोस, कॉलिन. तिला आज ऑक्टोबर वाटतोय."

"आज वाटला असेल. उद्या नाही वाटणार."

"आणि उद्या शेगडी पेटवताना वाटला तर?"

मनमाया हळूच म्हणाली, "दीदी, तिला इथून नेलं तर ती किती दिवस टिकेल? आम्ही छावणीतून निघालो ना, माझी सासू तीन महिन्यांत गेली. आजार काहीच नव्हता."

ठरलं असं की फोन करायचा नाही, पण एल्वाला एकटं सोडायचं नाही. सकाळी मी, दुपारी कॉलिन, संध्याकाळी मनमाया, काही ना काही निमित्त काढून. मला हा निर्णय तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. पण मी सामील झाले.

आठवड्याभरात थंडी उतरली. सकाळी गवत पांढरं आणि वाफ्यातली रोपं उकडलेल्या पालकासारखी. एल्वा उशिरा उठते. ती खाली यायच्या आत कॉलिनने मेलेली रोपं उपटली आणि माती सारखी केली. मग शनिवारच्या बाजारातून नवी रोपं आणली आणि दुधाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या कापून त्यांच्यावर टोप्या घातल्या. बाजारात बैलाच्या काळजाच्या जातीची मिळाली नाहीत. "टोमॅटो तो टोमॅटो," कॉलिन म्हणाला. "पानावर काय नाव लिहिलंय?"

एल्वा खाली आली. वाफ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. एक टोपी उचलून पान बोटांत धरलं, हुंगलं, टोपी परत ठेवली. मग वर निघून गेली. आमच्यातल्या कुणालाही तिने काही विचारलं नाही, आणि कॉलिनला वाटलं आपण जिंकलो. मला तसं वाटलं नाही. त्या दिवसापासून तिने घंटा कपाटात ठेवून दिली आणि खिडकीतून मुलांना हाक मारणं बंद केलं. पहिल्या शनिवारचा तंबू अजून छत्रीवर लोंबत होता, तोही तिने उतरवायला सांगितला नाही.

शो-डे उजाडला. अंगणात सॉसेजचा धूर, मुलांच्या हातात रंगवलेले डबे, वारा असा की कागदी ताटं उडून कुंपणाला चिकटत होती. लिनेट सकाळीच पोहोचली. आईचं स्वयंपाकघर तिने डोळ्यांनी तपासलं. सगळं लख्ख होतं. असणारच, आदल्या दिवशी मनमायाने घासलं होतं. लिनेटचा चेहरा सैलावला.

"आई, छान आहे की गं सगळं," ती अंगणात येऊन म्हणाली. "मी उगीच घाबरले. आश्रमवाल्यांना उद्या नाही म्हणून कळवते."

कॉलिनने माझ्याकडे बघून डोळा मारला. मेल्याचा गळा धरावासा वाटला.

एल्वा खुर्चीत बसली होती, मांडीवर घोंगडी. ती म्हणाली, "लिन, ती रोपं बघ."

"बघितली. मस्त आहेत."

"माझी आहेत का?"

लिनेट वाफ्याजवळ गेली. आईच्या रोपांतच ती लहानाची मोठी झालेली. ती वाकली आणि पुन्हा सरळ झाली ती सावकाश.

"ही ताठ आहेत," ती म्हणाली. "तुझी मान टाकतात."

"ही म्हणजे सैन्यात भरती झालेली पोरं वाटतात," एल्वा म्हणाली. "माझी मी सप्टेंबरमध्ये लावली. सप्टेंबरमध्ये, लिन. आणि लावताना मला शंकासुद्धा आली नाही. थंडीने मेली. मग या शहाण्यांनी ही आणून लावली, मला कळणार नाही म्हणून."

सॉसेज परतणाऱ्याचा हात थांबला. त्या अंगणातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, त्या वाक्याचा अर्थ कळला. परक्या माणसाला वाटलं असतं, म्हातारी बागेबद्दल बोलतेय.

"राणीसरकार, कुणीही चुकतं..." कॉलिन सुरू झाला.

"तू गप रे. तुला अजून टोमॅटो आणि टोमॅटो यांतला फरक कळत नाही." मग तिचा आवाज उतरला. "माझ्या चुका तुम्ही लपवायला लागलात, तर माझं किती उरलंय ते मला कसं कळणार?"

लिनेट रडायला लागली. एल्वाने तिला रुमाल दिला नाही. तिला रडणारी माणसं आवडत नाहीत. ती वाऱ्याकडे तोंड करून बसून राहिली.

तेवढ्यात मनमाया वर गेली आणि एक दुधाचा डबा घेऊन आली. गेल्या वर्षी एल्वाने दिलेल्या झाडाचं बी तिने राखून ठेवलं होतं. पेरलं होतं मात्र फार उशिरा. डब्यात बोटभर उंचीची तीन रोपं, तिन्ही मान टाकलेली. एल्वाने डबा हातात घेतला आणि एकेकाची मान बोटाने वर करून बघितली.

"मयताला आलेत सगळे," ती म्हणाली.

तिने ती स्वतःच्या हातांनी लावली. लिनेटने तिला कोपराला धरून उठवलं. मातीचे हात तसेच ठेवून एल्वा म्हणाली, "मी येईन तुझ्याकडे. पण यांचा पहिला टोमॅटो पिकल्यावर. खाऊन मगच."

"आई, आश्रमवाले थांबायचे नाहीत. ती जागा जाईल."

"दुसरी रिकामी होईल. तिथे माणसं कशाला जातात?"

लिनेट रडता रडता हसली. ठरलं ते असं: शेगडीची जोडणी काढून टाकायची, जेवण आम्ही पाळीपाळीने द्यायचं, आणि काही झालं की लपवाछपवी न करता फोन. या वेळी मीच ते वदवून घेतलं. मग सॉसेज खाल्ले, थंड झालेले.

आता फेब्रुवारी, म्हणजे इथला उन्हाळा, संपत आलाय. एल्वा मला कधी कधी तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारते. मी ओ देते, मग सांगते की मी कुमुद. ती म्हणते, "ठाऊक आहे गं," आणि दोघींनाही ते खरं वाटत नाही. मी प्रत्येक वेळी लिनेटला कळवते.

त्या तीन झाडांना फळं धरलीत, मोठी, हिरवीगार. दरवर्षी या दिवसांत पिकत नाहीत म्हणून शिव्या घालणारे आम्ही, यंदा कुणी ऊन चांगलं पडलंय असंही म्हणत नाही. कॉलिनची एक दुहेरी चादर फिरत्या छत्रीवर दोन आठवडे लटकत होती, नेमकी अशी की वाफ्यावर दुपारभर सावली.

काल एल्वा काठी टेकत खाली आली. चादरीचे चिमटे एकेक करून काढले. थकत, थांबत घडी घातली आणि कॉलिनच्या दारात नेऊन दिली.

"वाळली की रे कधीची."

"दमट वाटत होती," कॉलिन म्हणाला.

"टोमॅटोला ऊन लागतं, गाढवा," एल्वा म्हणाली आणि वाफ्याकडे परत गेली. तिने खालच्या फळावरची पानं बाजूला केली, म्हणजे ऊन थेट पोहोचेल. मी वरून बघत होते. त्या फळाच्या बुडाशी हिरव्यात किंचित पिवळं उतरलेलं मला गॅलरीतूनही दिसलं.