दिवाणखान्यासाठी गळाची काठी

“दोन बायका आल्यात, गळाची काठी बघायला. पत्ता चुकल्या असतील,” आतल्या खोलीत कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

मावशी व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत पदर सारखा करत बसली होती. तिला ते ऐकू आलं नाही. मला अशी वाक्यं नेहमी ऐकू येतात. कमी बोलणाऱ्या माणसाचे कान रिकामेच असतात.

इंदूरजवळच्या महू छावणीतलं हे घर एका निवृत्त फौजी अधिकाऱ्याचं. ते आणि त्यांची बायको कायमचे मुलाकडे निघाले होते आणि घरातलं सामान विकायला काढलं होतं. त्यातला बांबूचा जुना फिशिंग रॉड मी मोबाईलवर पाहिला होता. मावशी सोबत आली, कारण आईने अनोळखी घरी मला एकटीला जाऊ दिलं नसतं, आणि भाव करायला माझं तोंड उपयोगाचं नाही यावर घरात एकमत आहे.

काठी कशाला हवी, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. इंदूरमध्ये माणूस गप्प बसला की आधी ‘तब्येत बरी आहे ना’ विचारतात, मग ‘घरात काही झालं का’, आणि शेवटी जबरदस्तीने पोहे खायला नेतात. मागच्या हिवाळ्यात महूच्या पुढे एका तलावावर मी एक माणूस पाहिला. सकाळभर तो हातात काठी धरून पाण्याकडे बघत होता. त्याला कुणी काही विचारत नव्हतं. उलट जवळून जाताना लोक आवाज खाली करत होते. गप्प बसण्याचं इतकं प्रतिष्ठित कारण मी तोवर पाहिलं नव्हतं. तेव्हापासून मला ते हवं होतं.

मी सांगितलं नाही म्हणून मावशीने कारण स्वतःच ठरवून टाकलं. आमच्या जुनी इंदूरमधल्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर एक तलवार आहे. पणजोबांचे आजोबा दरबारात कारकून होते. कारकुनाला तलवार कशाला मिळाली, हे कुणी विचारत नाही. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागतं. बाकी वर्षभर पाहुणे तिच्याकडे बघून आमच्या घराण्याबद्दल समज करून घेतात. त्या तलवारीखालची जागा फार रिकामी दिसते, असं मावशी रस्ताभर सांगत होती.

साहेब बाहेर आले. कापडी पिशवीतून तीन तुकडे काढून त्यांनी माझ्यासमोर जोडले. सांध्यांना पितळ होतं. मुठीवरचं बुचाचं आवरण अंगठ्याच्या जागी झिजून काळं पडलेलं, टोक किंचित वाकलेलं. त्यांनी काठी माझ्या हातात दिली. इतकी हलकी, की मी श्वास घेतला तरी टोक हलत होतं.

“कोण वापरणार?”

प्रश्न मला होता. उत्तर मावशीने दिलं.

“वापरायचा तर सवालच नाही, भाईसाहब! आम्ही प्युअर व्हेज. चातुर्मासात कांदासुद्धा बंद. ही सजावटीला. शोपीस.”

शाकाहार सांगितला की काम होतं, असा तिचा अनुभव आहे. इंदूरमध्ये होतंही. घरं भाड्याने मिळतात, स्थळं येतात. साहेबांनी माझ्या हातातून काठी अलगद काढून घेतली आणि वरचा तुकडा सोडवला.

“मग राहू द्या. काल एक कॅफेवाला आला होता. दोन खिळे ठोकून भिंतीवर टांगणार म्हणाला. चहा पाजून परत पाठवला त्याला.”

“अहो, कॅफे कुठे! आमचा दिवाणखाना आहे. भले लोक येतात. काचेची फ्रेम करून घेऊ ना.”

मधला तुकडा निघाला.

“हिने जन्म पाण्यावर काढलाय, ताई. काचेत नाही घालणार मी हिला.”

त्यांच्या बाई चहा घेऊन आल्या. “देऊन टाका हो. विमानात नेणार आहात का?”

“भाभीजी, तुम्हीच समजवा,” मावशीला कुमक मिळाली. “पोरीला हौस आहे, और क्या! बोलत नाही ती, पण हौस आहे. बाकी मारणं-बिरणं आमच्यात कुणी करणार नाही. राम राम!” तिने दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला.

साहेब पिशवीची नाडी बांधू लागले. मावशीने मला डोळ्यांनी खुणावलं: चल, सियागंजच्या बाजारात नवी मिळेल, चमकणारी. नाडीला एक गाठ बसली. माझे कान तापले, शाळेत भाषणाआधी तापायचे तसे. गप्प बसायला मिळावं म्हणून आधी चारचौघांत बोलावं लागेल, हे मी धरून चालले नव्हते.

“मी वापरणार,” मी म्हणाले. “मला काहीच येत नाही, पण तलावावर जाऊन शिकेन. भिंतीवर नाही लावणार. आणि मावशी, मासा लागला तर घरी आणीन.”