दहाव्या गाठीचं करडू

नगरला सावेडीत आमच्या चर्चच्या मंडळीची दर महिन्याला एक बैठक होते. मागच्या बैठकीत नव्याने नोकरीला लागलेल्या एका मुलाने विचारलं, "देवाला दशमांश, दहावा हिस्सा, द्यायचा तो पूर्ण पगारावर, की सगळं कापून हातात येतं त्याच्यावर?" अर्धा तास त्यावर चर्चा झाली. कोणी पीएफचा मुद्दा काढला, कोणी घराच्या हप्त्याचा. मी शाळेत शिकवते, हिशोब मलाही येतो, पण त्या दिवशी माझ्या डोळ्यासमोर माझी आई होती. तिला पगार नव्हता. तिला टक्केवारी येत नव्हती. आणि देण्याच्या बाबतीत तिच्याइतकी काटेकोर बाई मी आजपर्यंत पाहिलेली नाही.

आमचं गाव सोनईच्या बाजूला. शेत नव्हतं. बाबा दुसऱ्यांचा ट्रॅक्टर चालवायचे, आई कांद्याच्या कामाला जायची. आमच्या मालकीच्या म्हणाव्यात अशा तीन शेळ्या होत्या. त्यांच्या गोठ्यात, म्हणजे घराला लावलेल्या पत्र्याच्या आडोशात, एका खिळ्याला सुतळी टांगलेली असायची. शेळी व्याली आणि करडू स्वतःच्या पायावर उभं राहिलं की आई त्या सुतळीला एक गाठ मारायची. उभं राहण्याआधी मेलेल्या करडाची गाठ नाही. जुळी झाली तर आधी जन्मलेल्याची गाठ आधी. दहावी गाठ पडली की ते करडू देवाचं. मग त्याच्या गळ्यात जुन्या लुगड्याची पांढरी चिंधी बांधली जायची आणि घरातलं कोणी त्याच्याबद्दल "विकू या" हा शब्दही काढायचं नाही. सुगीच्या उपासनेला, म्हणजे पिकातलं देवापुढे ठेवायच्या रविवारी, ते चर्चमध्ये जायचं. जुनी सुतळी चुलीत आणि खिळ्याला नवी.

मी बारावीला होते त्या वर्षी सुतळीला आठ गाठी होत्या. दिवाळीच्या सुमाराला आई म्हणाली, "आता नववं व्हईल ते तुझं. त्याच्यावर तुझं हॉस्टेल." नगरच्या कॉलेजात शिकायचं तर हॉस्टेलला आगाऊ रक्कम भरावी लागणार होती आणि ती येणार कुठून हा प्रश्न घरात महिनाभर फिरत होता. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. त्या रात्रीपासून मी तिघींतल्या गाभण शेळीच्या पोटाकडे असं बघायला लागले, जणू माझं कॉलेज तिच्या पोटात होतं.

ती व्याली तेव्हा घरी मी एकटीच होते. आई कांदालागवडीला गेलेली. मी पुस्तक घेऊन आडोशाच्या तोंडाशी बसले होते. पहिलं करडू आलं ते पांढरं, इतकं बारीक की शेळीने त्याला नीट चाटलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने दुसरं आलं. काळंभोर, टपोरं, आल्याआल्या धडपडून उभं राहिलेलं. दोन्ही बोकडच. पांढरंही शेवटी उभं राहिलं, पण पाय लटलटत होते.

पांढरं नववं, म्हणजे माझं. काळं दहावं, म्हणजे देवाचं.

आई संध्याकाळी आली, चिखलाचे पाय न धुताच आडोशात वाकली. "दोन? दोघं बी उभं राह्यलं? आधी कोनचं आलं?"

मी म्हटलं, "काळं."

एवढा एकच शब्द. मी तो आधी ठरवला नव्हता, पण तोंडातून बाहेर पडताना तो अडखळलाही नाही. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने दोन गाठी मारल्या, ट्रंकेतून लुगड्याची पट्टी काढली आणि त्या पांढऱ्या मरतुकड्या करडाच्या गळ्यात बांधली.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत ते जाईल. गेलं तर गाठ सुटेल, पुढच्या वेताचं करडू दहावं होईल आणि कोणाचंच काही बिघडणार नाही. बाबाही तेच म्हणाले. "मरू दे की. मेलेलं मोजायचं न्हाई, तुझाच कायदा हाय."

"उभं राह्यलं तवा मोजलं ते," आई म्हणाली. "आता ते माझं न्हाई. दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात मरू द्यायची व्हय?"

शेळी त्याला पाजत नव्हती. काळं ढुशी देऊन त्याला बाजूला सारायचं. मग आईने दुसऱ्या शेळीचं दूध काढून, बाटलीला फडकं लावून त्याला पाजायला सुरुवात केली. ते आमच्या चहाचं दूध होतं. तो सगळा हिवाळा आम्ही कोरा चहा प्यायलो. बाबा कपात बघून म्हणायचे, "देवाला दूध, आन् भक्ताला डिकाशन." आई हसायची, पण दूध काही मिळायचं नाही. कामाला जाताना ती करडू पाटीत घालून डोक्यावर घ्यायची. बांधाला पाटी ठेवायची, दोन वाफे लावून झाले की येऊन बाटली तोंडात द्यायची. बरोबरच्या बाया तिला सोडत नव्हत्या.

"काय ग, आज देवाला पाटीतून फिरवायला आनलं का?"

"त्याला ऊन लागंल, छत्री धर वरून."

आई म्हणायची, "धरा तुमी. तेवढंच पुन्य." आणि परत वाफ्यात वाकायची.

तिकडे काळ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. त्याला लक्ष लागतही नव्हतं. ते आपोआप वाढत होतं. मी परीक्षेचा अभ्यास करत होते आणि मधूनमधून मान वर करून बघत होते. आई त्या पांढऱ्याचे खूर तेल लावून चोळत असायची. मी काळं वाचवलं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण दिवसागणिक मला तिच्याकडे बघणं जड जायला लागलं. मी देवाच्या वाट्याला कमी ते ढकललं होतं आणि ती, काहीच माहीत नसताना, तो कमीपणा स्वतःच्या तोंडचं काढून भरून काढत होती.

आमच्याकडे सुगीची उपासना मे महिन्यात असते, रब्बीचं सगळं घरात आल्यावर. तोवर पांढरं काळ्याच्या बरोबरीला आलं होतं. उपासनेच्या चार दिवस आधी आई हौदापाशी त्याला साबणाने धूत होती. पाणी निथळवत ती म्हणाली, "आता याला देवापुढं न्यायला लाज न्हाई."

मी तिथेच सांगून टाकलं. "आई, हे दहावं नाही. काळं मागून आलं होतं."

तिचे हात थांबले. साबणाचा फेस करडाच्या पाठीवर तसाच राहिला.

"आन् तू काळं आधी म्हनलीस."

"हॉस्टेलसाठी. ते जगेल असं वाटत नव्हतं."

"मला सांगायचं हुतंस."

"सांगितलं असतं तर काळं मला दिलं असतंस?"

"न्हाई," ती लगेच म्हणाली.

"मग?"

"मग काय? खोटं बोलायची पाळी तर आली नसती." ती पुन्हा पाणी ओतायला लागली. मारलं नाही, ओरडली नाही. फेस उतरल्यावर म्हणाली, "अंग पूस त्याचं. पाळकसाहेबांकडं जाऊन यिऊ."

पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, चर्चच्या पायरीवर बसून फाटलेल्या गीतपुस्तकांना खळ लावत होते. आईने मलाच सगळं बोलायला लावलं. बोलताना माझी नजर त्या खळीच्या वाटीवरून हलली नाही. ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि मला म्हणाले, "तू कबूल केलंस, ते मोठं काम झालं." मग आईकडे वळले. "ताई, हिशोब सरळ आहे. काळं आणा. पांढरं हिचं, ते ठेवा. आता तर तेही चांगलं झालंय. हिचं कॉलेज होईल, देवाचंही बाकी राहणार नाही."

मला इतकं हलकं वाटलं की मी उठूनच उभी राहिले.

आई उठली नाही. "काळं येनार ते येनारच," ती म्हणाली. "ते दहावं म्हनून जन्मलं. पन हे मी दहावं म्हनून वाढीवलं, साहेब. सहा महिने त्याला पाजताना मी एक दिस बी माझं म्हनून पाजलं न्हाई. आता परत कसं घिऊ?"

"अहो ताई, नियमाने एकच द्यायचं असतं."

"नियम तुमचा बरूबर हाय. दूध माझं हुतं ना?"

पाळकसाहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. शेजारच्या घरातून त्यांची बायको, पाळकबाई, ओरडल्या, "अगं बाई, घेऊन जा ते! मागच्या साली कुणाचा तरी बोकड दोन दिवस इथं बांधला, तर माझा मेथीचा सगळा वाफा खाल्ला त्यानं. आता दोन-दोन कुठं बांधू?"

"रविवारीच आनते, बाई. तुमची मेथी शाबूत राहील," आई म्हणाली. पाळकबाई दाराशी येऊन बघायला लागल्या.

घरी येताना मी चिडले होते. "चूक माझी, आणि तू माझं कॉलेज दिलंस."

"हॉस्टेल दिलं," आई म्हणाली. "कॉलेज कुठं दिलं? यष्टी हाय की."

रविवारी ज्वारीच्या पेंढ्या, भोपळे, अंडी, कोंबड्या, हरभऱ्याच्या पाट्या असं सगळं वेदीपुढे मांडलेलं होतं. आईने दोन्ही दोऱ्या माझ्या हातात दिल्या. "तू ने." मधल्या वाटेने मी त्यांना नेत होते तेव्हा बाया कुजबुजत होत्या, कारण एका घरातून दोन बोकड आमच्या मंडळीत कधी आले नव्हते. कोणाला कारण माहीत नव्हतं. आईने ते कधीच कोणाला सांगितलं नाही, आणि पाळकसाहेबांनीही नाही.

उपासनेनंतर लिंबाखाली लिलाव झाला. आमच्याकडे अर्पणाच्या वस्तूंची अशीच बोली लागते, पैसे चर्चला जातात. त्यात गंमतही असते. एका भोपळ्याची बोली दोन साडूंनी एकमेकांना खिजवत कुठल्या कुठे नेली. बोकडांना गिऱ्हाईक शेजारच्या गावचं मिळालं. कोणा दयाळू माणसाने बोली जिंकून एक बोकड आमच्या दारात परत आणून बांधला, असं मला सांगता आलं असतं तर ऐकायला गोड वाटलं असतं. तसं झालं नाही. दोन्ही टेम्पोत चढवले. काळं मुकाट्याने चढलं. पांढरं आईला शोधत ओरडत राहिलं. ती पाठ करून रिकामं पोतं घडी करत होती. ते पोतं तिने तीनदा उलगडलं आणि तीनदा घडी केलं.

निकाल चांगला लागला. कॉलेजात प्रवेश मिळाला, हॉस्टेलात नाही. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं त्या दिवशी पहाटे आई मला फाट्यापर्यंत सोडायला आली. तिच्या हातात खुरपं होतं, कारण तिथूनच तिला परस्पर कामावर जायचं होतं. गाडीला वेळ होता. मी विचारलं, "आई, खरं सांग. ते पांढरं देताना वाईट वाटलं?"

"लई," ती म्हणाली. "दोन दिस भाकर गोड लागली न्हाई."

"मग का दिलंस?"

तिने खुरपं या हातातून त्या हातात घेतलं. "वाईट वाटंल म्हनून ठिवायला लागले, तर ठिवायला कारन रोजच मिळंल."

मी त्यावर काही बोलणार, तेवढ्यात गाडीचे दिवे दिसले. गाडी भरलेली होती. कंडक्टर "मागं सरका, मागं सरका" करत होता. मी दांडीला धरून कशीबशी उभी राहिले आणि खिडकीतून बाहेर वाकून पाहिलं. आई फाट्यावर थांबली नव्हती. कांद्याच्या बाया पुढे निघाल्या होत्या आणि त्यांना गाठायला ती रस्ता सोडून बांधावरून भराभर चालत निघाली होती. तीन वर्षं मी त्याच गाडीने नगरला गेले, आणि पदवी घेऊन त्याच फाट्यावर उतरले.